गाडी उजव्या हातानं येते

डोक्यावर मासळीने भरलेला हारा असला की बाईला मान वळवता येत नाही.

०

वर्तुळ काढायचं तर कंपासचं टोक कागदात नीट रुतवावं लागतं. जपून, नुसतं टेकवलं तर ते सरकतं, आणि रेघ फिरून परत येते तेव्हा तिला तिची सुरुवात सापडत नाही.

०

मळणीचे बैल खळ्यात शिरले की त्यांना हाकावं लागत नाही. थांबवावं लागतं.

०

जमनाने मासे सोडले. तारापूरच्या मांगेलवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत, हे ज्याने ऐकलं तो आधी हसला. मग त्याने विचारलं, "कोण मेला?"

०

शेंदूर उन्हाने काळा पडतो. काळ्यावर नवा लावतात. असं वर्षानुवर्षं चाललं की दगड वाढतो.

०

"या चौकात कुणालाही थांबावं लागणार नाही," आगाशे साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहाच्या बशीच्या काठावरून बोट फिरवून दाखवलं. बशीत चहा होता. बोट ओलं झालं. ते त्यांनी रुमालाला पुसलं.

०

सहासष्ट साल. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. बोईसर स्टेशनात उतरलेलं लोखंड, सिमेंट, यंत्रं ट्रकवर चढून तिकडे जात होती आणि रिकामे ट्रक परत येत होते. वाटेत पामचा नाका. बोईसरचा रस्ता, तारापूरचा रस्ता आणि कामगारांच्या नव्या वसाहतीकडे जाणारा रस्ता, तिन्ही तिथे एकमेकांच्या अंगावर यायचे. दोन ट्रक तोंडाला तोंड लावून उभे राहायचे. ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढायचे, एकमेकांच्या गावांची चौकशी करायचे. माल उशिरा पोचायचा.

रस्त्याचं काम ज्या कंपनीने घेतलं होतं तिथले इंजिनियर म्हणजे आगाशे साहेब. पुण्याचे. वर्षभर विलायतेत राहून आलेले. तिथे त्यांनी गोल चौक पाहिले होते. मधे गवताचं बेट, भोवती फिरता रस्ता. येणारा गोलात शिरतो, डाव्या हाताने फिरतो, आपलं तोंड आलं की बाहेर पडतो. शिपाई नाही, शिट्टी नाही. साहेब त्याला रोटरी म्हणायचे. या शब्दाने ते तरुण दिसायचे.

कमलाकांत त्यांच्या हाताखाली नकाशे गिरवायला होता. तारापूरच्या मांगेलवाड्यातला, मॅट्रिक झालेला. बोईसरला खोली घेऊन राहायचा. रोज सकाळी दोनदा साबण लावून आंघोळ करायचा, मानेला पावडर थापायचा. तरी कचेरीत तो आत आला की शेजारचा ड्राफ्ट्समन नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "आज बाजार लवकर भरला वाटतं." सगळे हसायचे. कमलाकांतही हसायचा. अलीकडे ते हसणं थांबलं होतं. त्याला ते थांबलेलंच हवं होतं.

नाक्यावर एक देव होता. वाटोबा. गुडघ्याएवढा दगड, शेंदूर फासलेला, डोक्यावर छप्पर नाही.

तारापूरच्या बायका पहाटे मिठागरांच्या बांधावरून निघत आणि उजाडताना नाक्यावर येत. बोईसरच्या बाजाराला जायचं, म्हणून चाल अर्धी पळण्याची. एकामागे एक. हाऱ्यांतलं पाणी खांद्यांवरून पाठीवर, पाठीवरून रस्त्यावर. रांगेत पुढे असायची जमना, कमलाकांतची काकी. वाटोबापाशी ती थांबायची. हारा उतरवायचा नाही, मानही वाकवायची नाही; पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसायचं, एक हात वर घालून हाऱ्यातली वरची मासळी घ्यायची आणि दगडापुढे ठेवायची. मग तशीच उभी. पुढे. देवाला एवढंच लागायचं, आणि कावळ्यांना.

०

नकाशात नाक्याला तीन तोंडं होती. बांधावरून येणारी पायवाट नकाशात नव्हती. पायवाट कुणी बांधलेली नसते, म्हणून ती कुणी मोजतही नाही.

०

"हा दगड नेमका आडवा येतोय," आगाशे साहेब म्हणाले. "रस्त्याच्या कडेला हलवू. सुंदर चौथरा बांधून देऊ. कमलाकांत, तुझी माणसं आहेत. विचारून ये, चालेल का."

कमलाकांत गेला.

हे खरं आहे. तो गेला होता. सायकलवरून, उजाडायच्या सुमाराला, नाक्याच्या अलीकडच्या बाभळीपर्यंत. तिथून त्याला रांग दिसली. काकीचं ताठ डोकं दिसलं, मागे पुष्पलता, काकीची सून. आणि नाक्यावर मोजणीची फीत धरून उभा असलेला तो ड्राफ्ट्समन दिसला. खिशात रुमाल असलेला.

काकीने आपल्याला पाहिलं की ती लांबूनच हाक मारणार. पाणी गळणाऱ्या हातानं गाल धरणार.

कमलाकांतने सायकल वळवली.

"नाही म्हणतात साहेब," त्याने कचेरीत सांगितलं. "देवाला हात लावला तर दंगा होईल."

साहेबांचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून कमलाकांत घाईघाईने बोलला, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचंच म्हणणं पटत गेलं. "पण तो मधेच ठेवला तर? बेटाच्या बरोबर मधे. गाड्या डाव्या हाताने फिरणार, म्हणजे देव उजव्या हाताला. लोक म्हणतील, देवाला प्रदक्षिणा झाली. कुणी विरोध करणार नाही."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "अरे!" मग मोठ्याने, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं: "ऐकलंत का? ही विलायतेत मिळणारी अक्कल नव्हे!"

ड्राफ्ट्समनने मान वर करून पाहिलं. त्या दिवशी तो कमलाकांतला पहिल्यांदा "या, बसा" म्हणाला.

कमलाकांतने ट्रेसिंगचं कापड ताणून खिळवलं. कंपासचं टोक वाटोबावर ठेवलं आणि नीट रुतवलं.

०

गोल चौकातून जाताना:

ट्रक थांबत नाही. बोईसरकडून येणारा पंजाबी ड्रायव्हर पहिल्या दिवशी गोलाला पूर्ण वळसा घालून परत बोईसरच्या रस्त्याला लागला, कारण फिरताना त्याला मजा वाटली. परत येऊन त्याने पुन्हा फिरून घेतलं. "क्या चीज बनायी है," तो म्हणाला.

एसटीचा कंडक्टर आता नाक्यावर घंटा मारत नाही. उतरणाऱ्यांनी चालत्या गाडीतून उतरावं.

सायकलवाला गोलाच्या बाहेरच्या कडेला चिकटून राहतो. प्रत्येक तोंडाशी त्याला वाटतं, मागची गाडी याच तोंडात वळणार. म्हणून तो मान खाली घालतो आणि जोरात पाय मारतो. डोळे मिटून घेणाराही एक होता.

डोंगराकडून गवताची गाडी घेऊन येणारा मंगळ्या वारली. तो गाडीत झोपायचा. बैलांना बाजाराची वाट ठाऊक होती. बैल गोलात शिरले आणि फिरू लागले. फिरत राहिले. मधे काहीतरी उभं आहे, भोवती वाटोळं, आपल्या पायांखाली सपाट. त्यांच्या लेखी हे खळं होतं. मंगळ्या जागा झाला तेव्हा मागे ट्रकांची रांग भोंगे वाजवत होती आणि सूर्य कधी या बाजूला, कधी त्या बाजूला दिसत होता.

"खळा बरा बांधलाय सायबानं," तो म्हणाला. "भात कुठं हाय?"

हा विनोद बोईसरभर झाला. आगाशे साहेबांनीही तो पाहुण्यांना सांगितला, प्रदक्षिणेच्या गोष्टीनंतर.

बायका.

०

गोल सुरू झाला त्या सकाळी कमलाकांत इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर उभा राहिला. आता त्याला ड्राफ्ट्समनची भीती वाटत नव्हती. बायकांची रांग आली आणि कडेला अडली. पुढे रस्ता, पलीकडे उंच कडेच्या दगडांचं बेट, बेटात वाटोबा.

"अगं बाई, देवाला पाण्यात बसवला!" पुष्पलता म्हणाली.

"काकी, ऐक," कमलाकांत म्हणाला. "सोपं आहे. गाडी उजव्या हातानं येते. पाऊल टाकायच्या आधी उजवीकडे बघायचं. मान वळत नसेल तर अख्खी वळ. मोकळं असलं की जा."

"हा सायेब आमाला चालायला शिकवतो," पुष्पलता मागच्या बायकांना म्हणाली. "आणि डावीकडून कोण येतो, भावजी? नवरा?"

बायका हसल्या. हाऱ्यांतलं पाणी हिंदकळलं.

"गप गं," जमना म्हणाली, पण तीही हसत होती. "पयलं पाऊल टाकलान तवा माझंच बोट धरलं व्हतं यानं. आता मी त्याचं ऐकीन. बोल रे, उजवीकडं?"

"उजवीकडे."

ती पायांपासून डोक्यापर्यंत एकसंध वळली, दारासारखी. पाहिलं. गेली. देवापुढे गुडघ्यांत बसली, बोंबील ठेवला, उठली. त्या दिवशी ट्रक कमी होते.

०

पुढचं घडलं ते पाऊस उघडल्यावर, ट्रक वाढले तेव्हा. पुष्पलताने पाहिलं, कारण ती कडेला थांबली होती.

जमना बेटात गेली होती. वाटोबापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. उठली. परत यायला बेटाच्या काठाशी आली, अख्खी उजवीकडे वळली, नीट पाहिलं, आणि पाऊल खाली टाकलं.

ट्रक डावीकडून आला.

वेगात नव्हता. पण थांबायची जागा नव्हती आणि थांबायची सवयही. हारा उडून पलीकडे पडला. पापलेटं डांबरावर लांबपर्यंत घसरत गेली. जमनाचा पाय कडेच्या दगडात आणि चाकात सापडला. ड्रायव्हर खाली उडी मारून आला. "माताजी, मैंने देखा नहीं, कसम से," तो म्हणत राहिला. त्यानेच तिला उचललं, सिमेंटच्या गोणींवर निजवलं आणि पालघरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो रडत होता, असं पुष्पलता म्हणाली.

०

दवाखान्यात जमना भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. कमलाकांतने स्टूल ओढलं. तिने त्याचा हात धरला. तिच्या हाताला अजून मासळीचा वास होता. त्याने हात सोडवला नाही.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली.

"काकी, तुझं काय चुकलं?"

"तुला नाय ठाव. कुनालाच नाय ठाव, पुष्पीला हाय." ती हळू बोलत होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. "टरक वाढले ना, तवापासून मला आत जायची भीती वाटं. घूं करून येतात. मग मी काय केलं? कडेवरूनच मासळी फेकली. देवाला. कुत्र्याला टाकतात तशी. एक दिस, दोन दिस. मग रोजच. एकदा तर त्याच्या तोंडावर लागली. चिकटून राहिली, खाली पडं ना."

कमलाकांतने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"पुष्पी बोलली, आई, वाटोबाला आंदळा समजतास का तू? मला रातभर लागून राहिलं. म्हनून त्या दिशी गेले आत. पापलेट ठेवलं. कान धरले. बोलले, चुकले बाबा, परत नाय करनार. आणि उठले तर त्यानं मारलं." तिने मान हलवली. "माफी मागितल्यावर मारलं. म्हंजे किती रागावला असंल बघ."

"देव असं करत नाही, काकी."

"तू शिकलेला हाय. तुला काय ठाव." मग म्हणाली, "मी बोलून टाकलं त्याला, वरीसभर मासळी तोंडात नाय घालनार. पाय बरा होवो, न होवो."

कमलाकांतने विचारलं, कारण विचारल्याशिवाय त्याला राहवेना: "तू बघितलं नव्हतंस का? उजवीकडे?"

"बघितलं तर!" ती दुखावल्यासारखी म्हणाली. "तू सांगितलंस तसंच. अख्खी वळले. मोकळा व्हता रस्ता."

०

ट्रेसिंगच्या कापडावर त्याने पेन्सिलीने बाण काढले. गोलाच्या रस्त्यावर, डाव्या हाताने, एकामागे एक. मग पेन्सिलीचं टोक पायवाट जिथे असायला हवी होती तिथे ठेवलं आणि बेटाकडे तोंड केलं. बाण उजवीकडून आले. बरोबर.

मग टोक बेटाच्या आत नेलं, कंपासने पाडलेल्या वाटोबाच्या भोकापाशी, आणि बाहेरच्या बाजूला तोंड केलं.

बाण डावीकडून आले.

तो परत बाहेर गेला, परत आत आला. किती वेळा, ते त्याने मोजलं नाही. आत जाताना उजवीकडून. बाहेर येताना डावीकडून. जी गोष्ट पेन्सिलीला दिसत होती ती त्याला इस्त्रीच्या शर्टात दिसली नव्हती. बेटातून कुणी बाहेर येईल हे नकाशात कुठेच धरलेलं नव्हतं. नकाशात बेटात कुणी जातच नव्हतं. आणि ज्याच्यापाशी जायचं तो देव तिथे कुणी ठेवला?

वाटोबाचं भोक मोठं झालं होतं. टोक फिरून फिरून कापड तिथे फाटायला आलं होतं.

०

आता रांगेत पुढे पुष्पलता होती. पुढच्या बाईने मासळी ठेवायची, हे ठरलेलं.

०

त्या आठवड्यापासून कमलाकांत रोज सकाळी नाक्यावर जाऊ लागला. मोजणीच्या काठीचं लाल फडकं काढून घेतलेलं. बायका दिसल्या की तो गोलाच्या रस्त्यात मधोमध उभा राहून फडकं हलवायचा. ट्रक थांबायचे. मागचे ट्रक थांबायचे. कुणी ओरडायचं, "ओ बाबू, यहाँ तो रुकना नहीं था ना!"

पुष्पलता आत जायची, गुडघ्यांत बसायची, मासळी ठेवायची, बाहेर यायची. पहिल्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जवळून जाताना म्हणाली, "सायेब आता शिपाई झाला?" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रोज येनार हायेस? पाऊस, वारा, तुझं लगीन, सगळं टाकून?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली, अर्धी पळत.

एका सकाळी थांबलेल्या ट्रकांच्या मागे आगाशे साहेबांची जीप होती.

साहेब चालत आले. त्यांनी रांग पाहिली, फडकं पाहिलं, गोलाच्या मधे उभा असलेला आपला माणूस पाहिला.

"कमलाकांत, हे काय चाललंय? थांबायचं नाही म्हणून तर हे बांधलं!"

"साहेब, मी विचारलं नव्हतं."

"काय?"

"दगडाचं. तुम्ही पाठवलं होतं, ते. मी बाभळीपर्यंत गेलो आणि परत आलो. नाही म्हणतात, हे मी माझ्या मनाने सांगितलं."

मागे भोंगे वाजत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"आणि दंगा?"

"तोही मनानेच."

"मी ती प्रदक्षिणेची गोष्ट मुंबईला सांगितली रे," साहेब म्हणाले. ओरडले असते तर कमलाकांतला बरं वाटलं असतं. "सगळीकडे सांगितली. लोक खूश झाले. कुणी विचारलं नाही, बायका आत कशा जातात. मीही नाही." त्यांनी पलीकडे कडेच्या दगडांकडे पाहिलं. एक दगड धुतल्यावरही गडद राहिला होता. "ती बाई तुझी कोण?"

"काकी."

साहेबांनी चष्मा लावला. "मग आता तरी विचारून ये. खरंच जाऊन."

०

जमनाला घरी आणलं होतं. ओटीवर खाट, खाटेवर ती, आणि प्लॅस्टरचा पाय उशीवर. अंगणात मांडवावर बोंबील वाळत होते. पुष्पलता चुलीपाशी होती. जमनापुढे ताट होतं: भात, मीठ, कांदा.

"ये रे," ती म्हणाली. "जेव. पुष्पे, त्याला कालवन वाढ, माझं नाय बघायचं."

"नको काकी. आधी ऐक."

त्याने सांगायला सुरुवात केली आणि शब्द कचेरीतले येऊ लागले. मग तो थांबला. तिच्या ताटातला भात त्याने बोटांनी मधे ओढला, त्याची रास केली.

"हा वाटोबा."

"माझ्या ताटात?"

"हा वाटोबा. ही ताटाची कड, ही पायवाट. गाड्या अशा फिरतात." त्याने राशीभोवती बोट फिरवलं. "तू इथून आत गेलीस. गाडी कुठून आली?"

"उजवीकडून."

"आता तू आत आहेस. देवाकडे पाठ. बाहेर यायचंय. गाडी कुठून आली?"

जमनाने ताटाकडे पाहिलं. मग आपलं बोट त्याच्या बोटामागे ठेवलं आणि फिरवलं. भाताचं एक शीत तिच्या बोटाला लागून फिरलं.

"डावीकडून," ती म्हणाली.

पुष्पलता पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"मी तुला अर्धंच सांगितलं," कमलाकांत म्हणाला. "आणि देव मधे ठेवा, हे साहेबांचं नाही. माझं. साहेब म्हणत होते कडेला ठेवू, तुला आत जावंच लागलं नसतं. मला म्हणाले, विचारून ये. मी आलो होतो बाभळीपर्यंत. तू दिसत होतीस. पण तिथं कचेरीतला माणूस उभा होता." पुढचं वाक्य त्याला जमेना. "वासाची लाज वाटली मला."

मांडवावर कावळा बसला. पुष्पलताने त्याला हाकललं नाही.

"म्हंजे वाटोबानं नाय मारलं," जमना म्हणाली.

"नाय काकी."

"मी फेकली मासळी, म्हनून नाय."

"नाय."

तिने ताटातली रास पाहिली. मग हाताने ती मोडली, भात सारखा केला.

"पुष्पे. मांदेली हाय?"

"हाय. तळलेली."

"आन."

पुष्पलताने मांदेली आणून ताटात टाकली. जमनाने एक उचलली, डोकं मोडून बाजूला ठेवलं, बाकीची तोंडात घातली. चावली. दुसरी घेतली. ती सावकाश जेवत होती, आजारातून उठलेलं माणूस जेवतं तशी, आणि तिने कमलाकांतला पुन्हा जेव म्हटलं नाही. या घरात असं आधी कधी झालं नव्हतं. पुष्पलताने त्याच्यासाठी मांडलेलं ताट उचलून आत नेलं.

तो बसून राहिला. विचारायचं अजून बाकी होतं.

"काकी. वाटोबाला हलवून कडेला आणलं तर चालेल का?"

जमनाने तोंडातला काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"मला आधी विचारायचं व्हतंस."

"तू नाय बोलशील, असं वाटलं."

"मी?" जमना म्हणाली.

०

पूर्वी वाटोबा खाडीकाठच्या उतारावर होता. जमना लग्न होऊन आली त्या वर्षी तिथली माती खचली, तेव्हा तिनेच तो हाऱ्यात घातला आणि डोक्यावरून पामच्या नाक्यावर आणून ठेवला.